मुक्या पेटीचा गंधार

आमच्या नांदेडच्या घरात एक वाद्य आहे. त्याला स्वतःचा आवाज नाही. हे मी गेल्या वर्षभरात बऱ्याच जणांना सांगितले आणि प्रत्येकाने माझ्याकडे, नुकतीच बायको गेलेल्या माणसाकडे पाहावे तसे, सांभाळून पाहिले. एकाने तर हळूच विचारले की झोप नीट लागते ना.

झोप लागते. वाद्यही खरोखरच मुके आहे. पट्ट्या पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या, वरच्या अंगाला काही गोल खुंट्या, आठ रबरी चौकोन आणि एक लाल बटण. भाता नाही, आत सुरांची पाती नाहीत. वायर लॅपटॉपला जोडायची, त्यात गाणे तयार करण्याचे सॉफ्टवेअर उघडायचे, मग इकडे पट्टी दाबली की तिकडे लॅपटॉप वाजतो. वायर काढली की नुसते खट्. दुकानदार त्याला मिडी कीबोर्ड म्हणाला होता. बायको मुकी पेटी म्हणायची.

बायको लातूरची. माहेर आडत दुकानदाराचे. तिचा मोठा भाऊ दुकानाच्या जोडीने भजनी मंडळात पेटी वाजवायचा, अजून वाजवतो. त्यांच्या घरातली पेटी जुनी होती आणि भाता फार जड. भाऊ पुढे बसून दोन्ही हात पट्ट्यांवर मिरवायचा आणि मागे बसून भाता मारायचे काम बहिणीकडे. पट्टीला हात लावायचा नाही. तू फक्त हवा दे. तिने चौथीपासून दहावीपर्यंत हवा दिली. आमच्या लग्नात मंगलाष्टकांना भावाने पेटीची साथ केली, तेव्हा आंतरपाटामागे तिचा डावा हात आपोआप हलत होता असे तिने मला नंतर सांगितले.

तिची शाळेतली नोकरी संपली त्या आठवड्यात तिने जाहीर केले की आता भाता नसलेली पेटी घ्यायची. मला वाटले गंमत करते आहे. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जन्म काढलेला माणूस. मला घरात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूची शंका येते. खोके उघडल्यावर मी दोन पट्ट्या दाबून पाहिल्या आणि म्हणालो, हे वाजत नाही.

"वाजत न्हाई म्हणून तर घेतलं," ती म्हणाली. "तुम्हाला वाचाया शांत लागतं."

आणि तिने कानाला हेडफोन लावले.

तिने वाद्य घेतले, मी त्याची माहितीपुस्तिका घेतली. ती पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, परिशिष्टांसह, वाचलेला मी जिल्ह्यात तरी एकटाच असेन. त्यातून मला कळले की हे यंत्र आवाज साठवत नाही. कोणती पट्टी, किती जोराने, किती वेळ दाबली एवढेच ते टिपते आणि सॉफ्टवेअरला कळवते. आवाज कशाचा काढायचा ते सॉफ्टवेअर ठरवते. ही गोष्ट मला फार आवडली आणि मी ती तिला समजावून सांगितली. तिने हेडफोन काढून ऐकले, "हाव, कळलं" म्हणाली आणि परत घातले.

खंडेनवमीला तिने पाटावर विळी, शिवणयंत्राची कात्री, माझे दोन चष्मे आणि मुकी पेटी ओळीने मांडली. वाद्याला हळदकुंकू लागले, अक्षता पडल्या, कोपऱ्यातल्या रबरी चौकोनावर झेंडूचे फूल बसले. मी म्हणालो की पुस्तिकेत द्रव आणि धूळ यांपासून दूर ठेवा असे स्पष्ट लिहिले आहे. ती म्हणाली, अक्षता ना द्रव आहेत ना धूळ. याला पुस्तिकेत उत्तर नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एकदा तिने सांगितले की एक पट्टी रुसली आहे. मी अडचणींचे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवले: वायर काढून पुन्हा लावावी, संगणक बंद करून सुरू करावा, तरीही फरक न पडल्यास विक्रेत्याशी संपर्क साधावा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"राहू द्या," ती म्हणाली. "तिचं मी बघते."

दिवाळीनंतर तिचा परिपाठच पडला. सकाळी भाताचा कुकर चढवायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत मुक्या पेटीवर बसायचे. मी बाहेरच्या खोलीत वाचत असे. तिला काय ऐकू येत होते मला माहीत नाही. मला ऐकू यायचे ते असे: खट् खट् खटाखट् खट्, मग मध्येच तिच्या तोंडून एक "आ", मग पुन्हा खटाखट्. दर वेळी तो "आ" यायचा. सुरुवातीला मी, गुडघा दुखतोय का, असे आतल्या आत विचारले. पुढे सवय झाली. कुकरची शिट्टी आणि हा "आ" यांच्या साथीने मी त्या हिवाळ्यात दोन जाडजूड चरित्रे संपवली.

माघात ती गेली. तापाचे निमित्त झाले. त्याबद्दल मला फार लिहिता येत नाही, म्हणून जे लिहिता येते ते लिहितो.

वर्ष भरत आले तेव्हा मेहुण्यांचा फोन आला. पहिले पुण्यस्मरण लातूरला माहेरच्या घरी करायचे, त्यांच्या मंडळाचे भजन ठेवायचे, हे आधीच ठरले होते. आता त्यांनी वेगळेच काढले. दिवाळीनंतर बहिणीने त्यांना फोनवर सांगितले होते की तिने एक चाल बांधली आहे. ते हसले होते. हवा देणारीने चाल बांधली म्हणाले होते. तिने बजावले की येईन तेव्हा तुझ्या अख्ख्या मंडळाकडून वाजवून घेईन.

"ती चाल घेऊन या, दाजी," ते म्हणाले. "मंडळ वाजवील. मी तिला कधी पट्टीला हात लावू दिला न्हाई."

एवढे बोलून त्यांनी तुरीच्या भावाबद्दल काहीतरी सांगितले आणि फोन ठेवला.

मी लॅपटॉप उघडला. चाल लगेच सापडली. तिचे नाव "कुकर" होते. मी ती सुरू केली आणि काहीही ऐकू आले नाही. पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे शांतपणे चालत गेली, वाटेत छोट्या छोट्या आडव्या विटा लागल्या, दाबलेल्या प्रत्येक पट्टीची एक, घर मात्र गप्प. तिची चाल आपण पुसली, असेच वाटले. मग पुस्तिका काढली, नंतर सॉफ्टवेअरची माहिती वाचली आणि उलगडा झाला: तिने वापरलेला पेटीचा आवाज काही दिवस फुकट वापरायला दिलेला होता आणि ती मुदत संपली होती. विटा जागच्या जागी होत्या. तिची बोटे होती, पेटी परत गेली होती.

मग दुसरा आवाज देणे आले. सॉफ्टवेअरमध्ये आवाजांची मोठी यादी होती आणि मी यादी वरून खाली क्रमाने पाहणारा माणूस आहे. तिची चाल मी पियानोवर ऐकली, चर्चच्या बाजावर ऐकली, बॅगपाइपवर ऐकली. पुढे यादी विचित्र होत गेली. एका जागी प्रत्येक सुराला टेलिफोनची घंटा वाजली. एका जागी प्रत्येक सुराला हेलिकॉप्टर आले. ते मी पूर्ण ऐकले, कारण थांबवायचे बटण आणि नवी नोंद करायचे लाल बटण शेजारी शेजारी आहेत आणि घाईत चूक झाली तर तिच्या विटांवर माझ्या विटा बसतील ही मला धास्ती होती. शेजारच्या वहिनी गच्चीवर जाऊन आभाळ बघून आल्या. त्याच्या पुढचा आवाज टाळ्यांचा होता. रिकाम्या घरात माझ्या बायकोच्या एकेका बोटाला शेकडो लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी यादीत मागे जाऊन पेटीच्या जवळ जाणारा साधा बाजा निवडला.

मुकी पेटी सतरंजीत गुंडाळून मी लातूरची एसटी धरली. कंडक्टरने काय आहे विचारले. पेटी म्हणालो. एवढी चपटी पेटी कोणाची असते, असे त्यांचे म्हणणे पडले. चाकूरला गाडी चहाला थांबली तेव्हा शेजारच्या काकांनी सतरंजीचे टोक उचलून पाहिले आणि वेळ जायला काहीतरी वाजवा अशी विनंती केली.

"ही नुसती वाजत नाही," मी म्हणालो.

"मग घेतली कामून?"

मी म्हणालो, मला वाचायला शांत लागते म्हणून. ते सरकून बसले.

लातूरला मेहुण्यांनी बैठकीच्या खोलीत गादी घालून ठेवली होती. कपाळाला विभूती, अंगात धुतलेला सदरा. एका बाजूला त्यांची स्वतःची पेटी, दुसऱ्या बाजूला तबल्यावर मंडळातले एक निवृत्त एसटी ड्रायव्हर. मी लॅपटॉप जोडला, सॉफ्टवेअर उघडले, सगळे पुस्तिकेप्रमाणे केले. मेहुणे मुक्या पेटीपुढे मांडी घालून बसले, डावा हात मागे गेला, भाता शोधू लागला. भाता नव्हता. हात थोडा वेळ हवेत मागेपुढे झाला आणि मग ओशाळून मांडीवर आला.

त्यांनी वाद्याला नमस्कार केला. पेटी वाजवण्याआधी दोन्ही तळवे पट्ट्यांवर टेकवून कपाळाला लावायचे ही त्यांच्या घरची रीत. तळवे टेकले आणि लॅपटॉपमधून भिंत पडल्यासारखा आवाज आला. तबलजी दचकून मागे सरले. मी पडद्याकडे पाहिले. लाल बटण चालू राहिले होते. चालीच्या अगदी सुरुवातीला, सात-आठ सुरांच्या, एकावर एक रचलेल्या विटा उमटल्या होत्या. मेहुण्यांचा नमस्कार.

मी तो नमस्कार पुसला. पुसताना तिथेच खाली, आधीपासून असलेल्या, फार फिकट अशा चार विटा दिसल्या. जितका दाब हलका तितकी वीट फिकट. त्या मी नांदेडला पाहिल्या होत्या आणि चुकून लागलेला हात समजलो होतो.

मी मेहुण्यांना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून त्या एकेक करून पाहिल्या.

"तिचं बी हेच," ते म्हणाले. "नमस्कारबी हळूच करायची."

त्यानंतर मात्र त्यांनी मुक्या पेटीला हात लावला नाही. ज्याला नमस्कारसुद्धा सोसत नाही त्याच्याशी आपले जमायचे नाही म्हणाले. मी लॅपटॉपवरून चाल ऐकवायची, त्यांनी ती आपल्या पेटीवर उतरवून घ्यायची, असे ठरले. दोन-तीनदा ऐकून त्यांनी ती बसवलीही. चाल छोटी होती, फेर धरून परत परत येणारी. काळी चारचा सा, म्हणजे चौथी काळी पट्टी, ते म्हणाले, बायकांच्या गळ्याची. बरी बांधलीय, असेही म्हणाले. त्यांच्या तोंडून हे फार झाले.

अडचण एकच होती. प्रत्येक फेरीत एका जागी चाल रिषभावर यायची, तिथून पुढे काहीच नाही, आणि मग एकदम मध्यमावर उडी. पडद्यावरही तिथे विटांमध्ये फट होती. श्वास घेण्याएवढी नव्हे, चांगली एका लांब सुराची. मेहुण्यांचे म्हणणे, इथे मधला गंधार, म्हणजे ग, पाहिजे. विसरली असणार, आपण घालू. तबलजींचे म्हणणे, विसरणारी बाई दर फेरीला त्याच जागी विसरत नाही, त्यात काहीतरी अर्थ असला पाहिजे. मग अर्थाची चर्चा झाली. शून्याबद्दल बोलणे झाले, देहाबद्दल झाले. तबलजींनी बरीच वर्षे लातूर-किल्लारी गाडी चालवली होती आणि गाडीत त्यांनी बरीच प्रवचने ऐकली होती.

शून्य मेहुण्यांना मान्य नव्हते. गंधार घालायचाच, प्रश्न कोणता, एवढाच. कोमल गंधार घातला तर चाल रडवेली होत होती. शुद्ध घातला तर तीच चाल हसत होती. मेहुण्यांनी दोन्ही वाजवून दाखवले आणि कौल कोमलला दिला. पुण्यस्मरण आहे, लग्न न्हाई. तबलजीही लगेच वळले. मला संगीतातले काही कळत नाही, पण कोमल गंधारासकट ती चाल ऐकताना मला सारखे वाटत होते की ही दुसऱ्या कोणाची तरी बायको आहे. हे कसे सांगावे ते मला कळेना.

मेहुण्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली.

"तुम्ही घरातच होता की, दाजी," त्या म्हणाल्या. "कंच्या सुरात म्हणायची, तुम्हाला ठावं असंल."

मी सांगितले की ती हेडफोन लावत असे. मी काही ऐकलेले नाही. नुसती खटखट.

वहिनींनी एक खडा काढून बाजूला टाकला.

दुपारी सगळे जेवून आडवे झाले. मी मुकी पेटी मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसलो. काहीतरी करायचे म्हणून, कपाटातली पुस्तके तपासावीत तशी, एका टोकापासून एकेक पट्टी दाबत गेलो. वायर जोडलेली नव्हती. खट्, खट्, खट्. मधल्या भागात एक पांढरी पट्टी खट् म्हणाली नाही. अर्धी खाली गेली आणि अडली. पुन्हा दाबली, पुन्हा अडली.

रुसलेली पट्टी.

वहिनींकडून केसांचा आकडा मागून आणला आणि पट्टीच्या फटीत घालून हळूहळू फिरवला. बऱ्याच वेळाने काहीतरी बाहेर आले. तांदळाचा एक अखंड दाणा, कुंकवाने लाल झालेला. खंडेनवमीची अक्षता.

मी मेहुण्यांना उठवले. ही पट्टी काळी चारच्या सा-पासून कोणता सूर, एवढेच विचारले. त्यांनी डोळे चोळत बोटाने मोजले.

"शुद्ध गंधार."

म्हणजे ती विसरली नव्हती. पट्टी दाबत होती, दाणा पट्टीला खाली जाऊ देत नव्हता, आणि यंत्राने, जे झाले नाही ते टिपले नव्हते. दर फेरीला त्या जागी रिकामे राहत होते. मी हे सगळे पुस्तिकेच्या भाषेत समजावून सांगत होतो आणि सांगता सांगता थांबलो. कारण ती जागा रिकामी राहत नव्हती. ती जागा मी पूर्ण एक हिवाळा ऐकली होती. खटाखट् खट्, आणि मग "आ". ना गुडघा, ना काही. पट्टी बोलत नव्हती म्हणून तिचा सूर ती स्वतः म्हणत होती. तिचं मी बघते, असे तिने मला सांगितलेही होते. सगळी चाल हेडफोनच्या आत राहिली आणि जो एक सूर चालीत नव्हता, तेवढाच बाहेरच्या खोलीत मला ऐकू येत होता.

मेहुण्यांनी दाणा तळहातावर घेतला, उलटसुलट केला.

"लई येडी," ते म्हणाले आणि उठून तोंड धुवायला गेले.

संध्याकाळी मंडळ जमले. तसबिरीला हार घातला होता. नेहमीची भजने झाली आणि मग चालीची वेळ आली. मेहुण्यांचा बेत असा की लॅपटॉपवर चाल चालू द्यायची आणि त्या जागी त्यांनी आपल्या पेटीवर शुद्ध गंधार टाकायचा. मी कधी कोणाचा बेत मोडत नाही. पण मी म्हणालो, पेटीवर नको. तो सूर ती पेटीवर वाजवत नव्हती, तोंडाने म्हणत होती.

"मग म्हणणार कोण?" मेहुण्यांनी विचारले. मंडळातल्या गाणाऱ्यांनी घसे साफ केले.

"ऐकलंय कुणी?" वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "ज्यानं ऐकलं त्यानं म्हणावं."

मी शाळेतल्या प्रार्थनेनंतर गायलेलो नाही. प्रार्थनेतही मास्तरांनी मला नुसते ओठ हलवायला सांगितले होते. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि लाल बटण दोनदा तपासून मी चाल सुरू केली.

आधी तिचा नमस्कार आला, जेमतेम ऐकू येणारा. मग चाल. तबलजींनी हलका ठेका धरला. मेहुणे पेटीपुढे बसले होते, पण त्यांनी पट्ट्यांना बोट लावले नाही. उजवा हात मांडीवर होता. डावा हात मात्र भात्यावर गेला आणि चालीच्या लयीत मागेपुढे होऊ लागला. एकही सूर न वाजवता ते नुसती हवा देत होते. पेटीतून कोरडा सुस्कारा येत होता आणि ते समोर लॅपटॉपकडे बघत होते.

रिषभ आला. मी डोळे मिटले, बाहेरची खोली आठवली, मांडीवरचे चरित्र आठवले, कुकर आठवला आणि "आ" म्हटले.

मागच्या रांगेत कोणीतरी खोकले. चाल पुढे मध्यमावर गेली आणि वळली. मेहुण्यांनी भाता थांबवला नाही.

"सूर न्हाई लागला, दाजी," ते हळू म्हणाले. "जागा बरुबर हाय."

दुसऱ्या फेरीला मी जास्त सावध होतो, म्हणून थोडा आधीच म्हणालो. तबलजींनी ठेका सांभाळून घेतला. तिसऱ्या फेरीला, मी तोंड उघडायच्या बेतात असताना, वहिनींच्या कुकरची शिट्टी झाली. त्या घाईने आत वळल्या. मी म्हणालो, बंद करू नका, तिथे शिट्टी असायचीच, आणि हे सांगण्याच्या नादात माझा "आ" राहून गेला. मंडळातले सगळे, चौथ्या फेरीची वाट बघत, माझ्याकडे वळून बसले.